मामीची धान्यकंपनी

माझा मामा नागपूरला लागून असलेल्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंगच्या टेबलावर बसतो. कोणत्या ट्रकमध्ये कोणाचा माल चढला आणि कोणाचा उतरला, हे बघण्यात त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. पण त्याला कुणी विचारलं, काय करता, तर तो "कास्तकार" म्हणतो. गोदामाचं नावही काढत नाही. "कास्तकार आहो, कळमेश्वरकडचा," एवढं सांगून तो समोरच्याला त्याच्याकडचं पाऊसपाणी विचारायला लागतो. आमच्यात याला कुणी हसत नाही. माझ्या नात्यातले निम्मे पुरुष असेच आहेत. बँकेत असोत, शाळेत असोत, सातबारा नावावर आहे तोवर माणूस कास्तकार.

मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून मामानं वाडीला खोली घेतली होती. मुलं शिकली, पांगली, मामा मात्र तिथंच राहिला. सुट्टीच्या दिवशी गावी जायचं, पोळ्याला जायचं, दिवाळीला जायचं. बाकी वर्षभर वावर मामी बघायची. बघायची म्हणजे काठावर उभी राहून नव्हे. बियाणं निवडण्यापासून तूर विकेपर्यंत सगळं तीच करायची आणि आजही करते.

मी नागपूरला कंपनी सेक्रेटरी आहे. कंपन्या जन्माला घालायच्या, त्यांचं बारसं करायचं, दरवर्षी त्यांची औषधपाण्याची कागदपत्रं भरायची आणि वेळ आली तर तेरावंही उरकायचं, असा माझा धंदा. सीताबर्डीवरच्या माझ्या कचेरीत येणारी माणसं बहुतेक इस्त्रीच्या कपड्यातली असतात. त्यामुळे एका सकाळी मामीचा फोन आला आणि ती म्हणाली, "पोरी, आमाले कंपनी काढाची आहे," तेव्हा मला आधी वाटलं, कुणीतरी हिला साखळी योजनेत ओढलं. मी तिला झापायच्या तयारीतच होते.

"कायची कंपनी, मामी?"

"कोठाराची. धान्य ठेवाची. तू ऐक तं खरं."

ऐकलं. सुगी झाली की मामीच्या घरात पाय ठेवायला जागा नसे. पुढच्या खोलीत आढ्यापर्यंत तुरीची पोती, मधल्या खोलीत चणा, आणि मामीचं अंथरूण स्वयंपाकघरात, चुलीच्या बाजूला. उंदीर, पोरकिडे, भिंतीची ओल. म्हणून मग व्यापारी म्हणेल त्या भावात घाईघाईनं माल काढायचा. गावात प्रत्येक घरी हीच रड. बचत गटाच्या सहलीत मामीनं दुसऱ्या तालुक्यात एक कोठार पाहिलं होतं. खाली खड्ड्यात धान्य ओतायचं, पट्ट्याला लावलेल्या लहान लहान बादल्या ते उचलून वर नेतात, वर चाळणीतून साफ होतं आणि लोखंडाच्या उंच टाकीत पडतं. तुम्हाला पावती मिळते. भाव आला की पावती दाखवून विका.

"पण एक गोष्ट आहे," मामी म्हणाली, "तिथं सगळ्यायचं एकत्र पडते."

गावात गाडी अडली ती इथंच. आमचे लोक बैलजोडी उसनी देतील, विहिरीचं पाणी देतील, पण आपली तूर दुसऱ्याच्या तुरीत मिसळू देणार नाहीत. माझी तूर ती माझी तूर. तिच्यावर मी मेहनत घेतली, शेजाऱ्यानं नाही. टाकीतून परत घेताना माझ्या वाट्याला त्याची आली तर? मामीनं यावर भाषण केलं नाही. तिनं समाजमंदिरातल्या बैठकीत सूप आणलं, सगळ्यात जास्त विरोध करणाऱ्या दोघांच्या घरून मूठ मूठ तूर मागवली, सुपात पाखडून एक केली आणि सूप त्यांच्यापुढे ठेवलं. "घ्या. आपापली उचला." दोघंही बराच वेळ सुपात बोटं फिरवत बसले. मग त्यातला एक म्हणाला, "माही जरा टपोरी असते," आणि सगळी बैठक हसली. त्या दिवशी गाव तयार झालं.

असल्या कंपनीचा कायदा मला पाठ आहे. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी काढायची तर किमान दहा उत्पादक लागतात. दहा नावं, दहा सह्या. मामीनं स्वतःला धरून दहा जण उभे केले. तिला संचालक करायचं, हेही बैठकीतच ठरलं, कारण एवढी वणवण तिच्याशिवाय कुणी केलीच नव्हती. यावर कुणाचं दुमत नव्हतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे. गावचे पुरुष वाईट नव्हते. पुढे जे झालं, ते वाईटपणातून झालं नाही.

इथं थोडं विषयांतर करते. मी ज्यांच्या हाताखाली शिकले, ते वकील, नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं त्या काळातले कायद्यांचे खंड काचेच्या कपाटात बाळगून होते. त्यांना एकूणच जुन्या प्रांतिक कायद्यांचं वेड होतं, मग ते कुठले का असेनात. एकदा त्यांनी मला कॅनडातल्या गहू पिकवणाऱ्या एका प्रांताचा जुना कायदा दाखवला. तिकडे सुरुवातीच्या काळात धान्य कोठारांची कंपनी काढायची म्हणजे त्या प्रांताच्या विधिमंडळानं त्यासाठी वेगळा कायदाच करायचा, अशी रीत होती. एका कंपनीसाठी एक कायदा. मला गंमत वाटली. एवढा खटाटोप कशाला, म्हणून विचारलं तर सर म्हणाले, "अहो, रेल्वेच्या आणि दलालांच्या तोंडातून आपलं धान्य सोडवायचं होतं त्यांना. सरकारनं नाव घेऊन उभं केलं, तर कुणी ढकलणार नाही." त्या कायद्याच्या पहिल्याच कलमात माणसांची नावं होती. नाव, गाव, आणि पुढे धंदा: शेतकरी. पुन्हा नाव, गाव, शेतकरी. ओळीनं तेच. त्या यादीत बाईचं नाव एकही नव्हतं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. कायदा किती लांबलचक आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

आपल्याकडे आता एका कायद्यात सगळ्या कंपन्या मावतात. पण संस्थापकांनी आपलं नाव, पत्ता आणि धंदा लिहायचा, ही रीत अजून तशीच आहे. सह्यांच्या दिवशी मी कागद घेऊन गावी गेले. समाजमंदिरात सतरंजी घातली होती. एकेक जण येई, चष्मा पुसे, पेन झटके आणि शाळेत परीक्षेला बसल्यासारखा मान खाली घालून स्वतःच्या हातानं लिही. मामीनं त्या दिवशी ठेवणीतलं लुगडं काढलं होतं. तिनं लिहिलं, सही केली, कागद माझ्याकडे दिला आणि सगळ्यांसाठी पोहे आणायला उठली. मी सह्या तपासल्या, पत्ते तपासले. धंद्याच्या रकान्याकडे मी पाहिलंच नाही. शेतकऱ्यांच्या गावात त्यात बघायचं काय?

अर्ज परत आला. नोंदणी कचेरीनं विचारलं होतं, कंपनी उत्पादकांची आहे, मग एका संस्थापकाचा धंदा "घरकाम" कसा? ती व्यक्ती उत्पादक असल्याचा पुरावा द्या, नाहीतर नाव बदला.

ते अक्षर मामीचं होतं.

मी त्याच दिवशी गावी गेले. रस्ताभर मी चिडलेलीच होते. कोणावर, ते मलाही कळत नव्हतं. समाजमंदिरात मंडळी जमली होती आणि त्यांनी तोडगाही काढून ठेवला होता. मामीच्या जागी मामाचं नाव घाला. सातबारा त्याचाच आहे, कास्तकार म्हणून सगळ्या कागदांत तोच आहे, कुणाला शंका यायचं कारण नाही. सुगी तोंडावर आली होती, वेळ घालवून चालणार नव्हतं. "घर तं एकच आहे ना," एक जण मला समजावून सांगत होता. "भाऊ आला काय नि वहिनी आली काय."

मी मामीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून बसली होती. ती भांडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "लिहा त्यायचं नाव. कंपनी झाली पायजे."

घरी आल्यावर मी तिला धारेवर धरलं. "मामी, घरकाम काहून लिहिलं? सकाळी उठल्यापासून तू वावरात असतेस. गेल्या वर्षी ट्रॅक्टर चिखलात फसला तेव्हा धक्का कोणी मारला? घरकामानं?"

मामी चणे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सवय, वं. पोरायच्या शाळेत तेच लिवलं. रेशनच्या कार्डात तेच. बँकेतल्या सायेबानं तं मले इचारलंबी नाई, त्यानंच लिवलं. हात आपोआप लिवते."

"आणि आता नाव काढायचं म्हणतात तर तू हो म्हणतेस."

तिनं चणे बाजूला सारले. मग म्हणाली, "घर त्यायचं, वावर त्यायचं, दाखले त्यायचे. मले वाटलं होतं, ही कंपनी तरी एक जागा होईन, जिथं मी कोणाची बायको म्हणून नाई, तं मी म्हणून राहीन. आता नाई तं नाई. पण त्यायच्या नावावर माहं नाव भांडाले उभं नको करू. त्यायले वाईट वाटन."

मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी मामीपुढे रडले नाही. बाहेर ओट्यावर जाऊन मोबाईलवर कायदा उघडला. वाचलेलाच होता, पण माणूस अडला की पाठ असलेलंही नव्यानं वाचतो. उत्पादक म्हणजे कोण? कायदा म्हणतो, शेतमालाच्या कामात गुंतलेली कुणीही व्यक्ती. जमीन नावावर असावी, असं त्यात कुठंही नाही. काम करणारा तो उत्पादक. पण कचेरीला नुसतं कलम दाखवून भागत नाही, पुरावा लागतो. आणि पुरावा एकाच माणसाकडून मिळण्यासारखा होता. ज्याच्या नावावर जमीन आहे, त्यानं शपथेवर लिहून द्यायचं की ही जमीन माझी बायको कसते.

म्हणजे मामानं.

दुसऱ्या दिवशी मी वाडीला गेले. अमरावती रोडवर ट्रकांची रांग लागली होती. धुळीतून वाट काढत गोदामाशी पोचले, तर मामा टेबलावर. मला पाहून त्यानं आधी चहा सांगितला, मग खुर्ची पुसली. मी सगळं सांगितलं. बोलता बोलता माझ्या लक्षात येत होतं की मी फार जपून शब्द निवडते आहे. मसुदाही तसाच मऊ केला होता. जमीन माझ्या नावे असून लागवड, निगराणी व विक्रीची कामे माझी पत्नी पाहते. बस. एवढं कचेरीला पुरेसं होतं, आणि मामालाही टोचणार नाही, असा माझा हिशेब.

मामानं वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद टेबलावर ठेवून मला विचारलं, "विहिरीजवळच्या तुकड्यात यंदा काय पेरलं, माहीत आहे तुले?"

"नाही, मामा."

"मलेबी नाई."

हमाल पोती उतरवत होते, त्यांच्याकडे तो बघत राहिला. मग म्हणाला, "हे अर्धंच आहे. ती करते हे लिहिलं. मी करत नाई, हे काहून नाई लिहिलं?"

"त्याची गरज नाही, मामा. कायद्याला एवढंच पाहिजे."

"कायद्याले नसन. मी शपथेवर सही करून राहिलो ना? मंग पुरतं खरं लिही." आणि त्यानं मला सांगितलं तसं मी खाली हातानं एक वाक्य वाढवलं: मी स्वतः शेती करत नाही.

नोटरीच्या टेबलापुढे मामा उभा राहिला. सही त्यानं झोकात केली, नेहमीसारखी शेवटी रेघ ओढून. परत येताना रस्त्यात तो म्हणाला, "माहा बाप असता तं त्यानं मले घरात घेतलं नसतं." मी त्याचा हात धरला. तो हसला आणि म्हणाला, "चाल, सावजी खाऊन घेऊ."

कंपनी झाली. मामीचं नाव राहिलं. संस्थापक, संचालक, धंदा: शेती. नोंदणीचा दाखला मी तिला नेऊन दिला तेव्हा तिनं तो दोन्ही हातांनी घेतला आणि देवापुढे ठेवला. मामानं काय लिहून दिलं, हेही मी तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, "जेवला होता का तो त्या दिवशी?" आयुष्यभर तिनं मामाला "ते" म्हटलं. त्या एका वाक्यात "तो" म्हटलं, आणि ते तिच्या लक्षातही आलं नाही.

टाकी उभी राहायला वेळ लागला. मंजुऱ्या आल्या, ठेकेदार पळाला, दुसरा आणला. शेवटी गावाबाहेर कळमेश्वरच्या रस्त्याला ती चकचकीत लोखंडी टाकी उभी राहिली. तिच्या बाजूला बादल्यांचा उंच पट्टा. पहिल्या सुगीची तूर वर जाताना बघायला अख्खं गाव आलं होतं. आणि त्यानंतर टाकीलगतच्याच शेडमध्ये सभासदांची पहिली सर्वसाधारण सभा झाली.

सभेला मामा आला. पांढरा सदरा घालून, दाढी करून, आणि येऊन सरळ पहिल्या ओळीत बसला. गावच्या कुठल्याही बैठकीत तो पहिल्या ओळीतच बसतो, त्याच्या बापाची जागाही तीच होती. तो सभासद नव्हता, तरी त्याला उठवायची कुणाची हिंमत झाली नाही. मी बाजूला खुर्चीवर होते, सगळं कायद्याप्रमाणे चाललंय ना ते बघायला. मामी समोर संचालकांच्या टेबलाशी. कागद तीच वाचत होती.

शेजारच्या गावाचंही धान्य घ्यायचं की नाही, असा ठराव होता. हात वर करायला सांगितलं. सभासदांचे हात वर झाले, आणि त्यांत मामाचाही. मोजणारा ओळीनं मोजत आला आणि मामापाशी थांबला. कायद्याप्रमाणे मलाच बोलायला हवं होतं, पण मी मान खाली घातली. त्या क्षणी मला तो कायदा, ती कंपनी, माझं शिक्षण, सगळं नकोसं झालं होतं.

मामानंच वर पाहिलं. आपला हात जणू दुसऱ्याचा असावा, तसं त्याच्याकडे पाहिलं आणि तो हळूच खाली घेतला. "चालू द्या," तो म्हणाला. उठला, चपला घातल्या आणि बाहेर गेला.

ठराव मंजूर झाला. पुढचे दोन विषयही झाले. मामीनं एकदाही दाराकडे पाहिलं नाही, एकदाही अडखळली नाही. सभा संपल्यावर मंडळी चहाकडे वळली, तशी ती तडक माझ्याकडे आली.

"त्यायले मेंबर करता येत नाई का?"

"येत नाही, मामी. त्यानंच लिहून दिलंय, शेती करत नाही म्हणून. शेतीचं काम करणाऱ्यालाच सभासद होता येतं."

"म्हणजे कामाले हात लावला तं येते?"

"हो. खरंच केलं, तर येतं."

खिडकीतून मामा दिसत होता. उन्हात टाकीपाशी उभा होता, कपाळावर हात आडवा धरून वरपर्यंत बघत. मामीनं हातातले कागद माझ्याकडे दिले, पदर खोचला आणि बाहेर गेली. त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. थोडा वेळ दोघंही वरच बघत होती. मी तिच्यामागून दारापर्यंत गेले होते, म्हणून मला ऐकू आलं.

"येत्या पेरणीले सुट्टी काढून या," मामी म्हणाली. "शिकवीन मी तुमाले."

मामानं कपाळावरचा हात काढला, तिच्याकडे पाहिलं, आणि शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.